बदल नाही

आमच्या बारावीच्या वर्गातून साखर कारखान्याची चिमणी दिसायची. वारा फिरला की डिस्टिलरीतला मळीचा आंबूस वास थेट फळ्यापर्यंत यायचा. अल्कोहोल, फिनॉल आणि ईथरचा धडा सुरू झाला त्या दिवशी सर म्हणाले, "नाकं दाबू नका रे, आजचा धडा तोच आहे."

अल्कोहोल प्रायमरी, सेकंडरी की टर्शरी प्रकारचं, हे ओळखायच्या ल्यूकास टेस्टचं प्रॅक्टिकल अजून डोळ्यांसमोर आहे. झिंक क्लोराइड, तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड, तीन परीक्षानळ्या. टर्शरी अल्कोहोलची नळी टाकताक्षणी दुधाळ झाली. सेकंडरीला पाचेक मिनिटं लागली. प्रायमरीची मात्र ढिम्म. मी ती हलवली, उजेडाला धरली आणि शेवटी वहीत 'किंचित गढूळ' असं ठोकून दिलं. सरांनी नळी पाहिली, मग मला. "काही झालं नाही ना? मग तसंच लिही." त्या दोन शब्दांवरची लाल रेघ अजून वहीत आहे.

फिनॉलचे खडे पांढरे असायला हवेत. आमच्या बाटलीतले हवेनं गुलाबी पडलेले. चमच्याला चिकटलेला एक मी बोटानं ढकलला. दुखलं काहीच नाही, कारण फिनॉल आधी कातडी बधिर करतं. मग बोटाचं टोक पांढरंफटक! सरांनी बोट नळाखाली धरलं ते बराच वेळ सोडलंच नाही. तिथंच उभ्याउभ्या सर्जन लिस्टरची गोष्ट झाली: १८६५, ग्लासगो, मोडक्या पायाचा मुलगा आणि जखमेवर याच फिनॉलच्या, म्हणजे कार्बोलिक ॲसिडच्या पट्ट्या.

ईथरच्या दिवशी सगळे बर्नर बंद, खिडक्या सताड उघड्या. मनगटावर एकेक थेंब पडला, गार लागला, उडाला. ३५ अंशांना उकळतं ते. तेवढ्याच अणूंचं ब्युटेनॉल हे अल्कोहोल मात्र ११८ला, कारण त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात.

"उकळून उकळून कारखान्याला शंभर टक्के अल्कोहोल का मिळत नाही?" हा सरांचा आवडता प्रश्न. वजनानं साधारण ९५.६ टक्क्यांवर पोचलं की उरलेलं पाणी अल्कोहोलबरोबरच उकळतं, वेगळं होत नाही. आज मी अशाच एका डिस्टिलरीत केमिस्ट आहे. ते पाणी आम्ही मॉलिक्युलर सीव्हच्या, म्हणजे अतिसूक्ष्म भोकांच्या गोळ्यांत अडकवतो. पाण्याचा रेणू बारीक, भोकात शिरतो. अल्कोहोलचा बाहेर राहतो. पेट्रोलमध्ये घालायचं इथेनॉल ९९.५ टक्के लागतं.

परवा रात्रपाळीच्या नव्या मुलानं नोंदवहीत ९९.५ लिहिलं होतं. डेन्सिटी मीटर ९९.३ दाखवत होता. तो म्हणाला, "साहेब, मघापासून हलतच नाहीये."

मी खिशातला लाल पेन काढला.