आमची वाटचाल : सोलापुरात म्हाताऱ्या माणसांना घरी सांभाळताना

सुरुवात कोविडनंतर झाली. मी आधी मेडिकल दुकानात होतो, डायपर नाहीतर एअर बेड न्यायला आलेली मंडळी बिल करता करता विचारायची, "पेशंट सांभाळायला कुणी बाई मिळंल का ओ?" वस्तू मिळायची पण माणूस मिळायचं नाही. पोरं पुण्याला नोकरीला, इथं घरात दोघंच म्हातारी, त्यातलं एक अंथरुणाला खिळलेलं, अशी घरं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. तिथून केअरटेकर पाठवायची ही छोटी एजन्सी उभी राहिली.

बायका कुठून आणायच्या हा पहिला प्रश्न होता, तो सोलापूर शहराच्या पूर्व भागातच सुटला. आमच्याकडच्या बऱ्याच जणी आधी बिड्या वळायच्या, हजारामागं मजुरी, दिवसभर पाठ वाकवून बसायचं आणि तंबाखूची धूळ नाकात. आता ठरलेला पगार खात्यात जमा होतो, आठवड्याची सुट्टी पक्की, आणि घरातली धुणीभांडी त्यांच्यावर टाकायची नाहीत हे आम्ही घरच्यांना आधीच सांगतो. यावर मी अडून बसतो कारण बाई टिकली तरच पेशंट टिकतो, दर महिन्याला नवा चेहरा दिसला की आजी औषधसुद्धा घेत नाहीत.

भाषा पण बघावी लागते. पूर्व भागात बरीच घरं तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, विजापूर वेशीत उर्दू. एक आजोबा आयुष्यभर यंत्रमागावर, खडखडाटानं कान गेलेले, त्यात विसरभोळेपणा वाढला तसं मराठी सुटत गेलं, तेलुगू बोलणारी ताई समोर बसून तोंडाकडं बघत हळू बोलायला लागली तेव्हा कुठं ते जेवायला लागले.

ट्रेनिंग आम्ही स्वतः देतो, एका रिटायर्ड नर्सबाईंच्या हाताखाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या, कातडी लाल दिसली की लगेच फोन, बेडसोअर म्हणजे पडून पडून होणारी जखम, ती एकदा खोल गेली की महिनोन् महिने भरत नाही. भरवताना बसवूनच भरवायचं, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. कडक भाकरीचा हट्ट सगळ्यांचाच असतो ओ, ती बारीक कुस्करून आमटीत पूर्ण मऊ होईपर्यंत भिजवायची, पण गिळताना ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

पैशाचं अवघड आहे. सत्तरीपुढच्यांना 2024 पासून आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंत हॉस्पिटलचा उपचार मिळतो, ते कार्ड आम्ही काढायलाच लावतो, पण घरी आल्यावर सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च त्यात बसत नाही, तो घरच्यांवरच पडतो. म्हणून ज्यांना पूर्ण दिवस झेपत नाही त्यांच्यासाठी सकाळची दोन तासांची व्हिजिट ठेवली, अंघोळ, नाश्ता, शुगर चेक, थोडं चालवणं. माझ्या मते इथं हेच जास्त चालणार आहे. आणि पोरं बघतच नसतील तर आईवडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या सांभाळासाठी 2007 चा कायदा आहे, प्रांत ऑफिसला अर्ज करता येतो, 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाईन फुकट आहे, हे पण आम्ही सांगतो, त्यात आमचा धंदा नाही तरी.

आता मोहोळ, मंगळवेढ्याहून फोन येतात. तिथं सोलापूरहून बाई पाठवत नाही, रात्री एसटी नसली की ती अडकते, म्हणून त्याच गावातल्या दोघीतिघींना ट्रेनिंग द्यायचं चाललंय. फोन करताना एवढं सांगा : पेशंटची भाषा कुठली, चालतात का, आणि पाणी किती दिवसांआड येतं, अंथरुणातल्या पेशंटचे कपडे रोज धुवावे लागतात.