आतून सोललेली होज

इंजिन मंद चालवलं की एक्झॉस्टमधून पाणी छान पडतं, आणि रेस वाढवली की धार बारीक होते, अशी तक्रार घेऊन एका शिडाच्या होडीचे मालक माझ्याकडे आले. व्हायला हवं नेमकं उलटं. समुद्राचं पाणी इंजिन थंड करून एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. ते ओढणारा खाऱ्या पाण्याचा पंप इंजिनच फिरवतं, त्यामुळे फेरे वाढले की पाणीही वाढलंच पाहिजे. त्यांनी पंपातलं फिरतं चाक, इम्पेलर, नवं टाकलं होतं, गाळणी धुतली होती, थर्मोस्टॅटही बदलला होता. तरी २००० आरपीएमच्या पुढे गेलं की तापमानाचा भोंगा वाजायचा.

माझा संशय पंपाच्या ओढण्याच्या बाजूवर, म्हणजे समुद्राचं पाणी पंपापर्यंत आणणाऱ्या रबरी नळीवर, होजवर गेला. पुढे कुठे अडलं असतं तर धार सहसा वाढायची थांबली असती, अशी उतरली नसती. "ती होज मी दाबून पाहिलीय, चांगली टणक आहे," मालक म्हणाले. टणक होतीच, आत तारेचं वेटोळं होतं ना!

होडीच्या बुडातून पाणी आत घेणारा कॉक, म्हणजे सी-कॉक, बंद केला, पंपाच्या तोंडावरची होज सोडवली, तिथे दुसरी जोडली आणि तिचं टोक समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत सोडलं. रेस दिली तशी बादली भराभर रिकामी व्हायला लागली आणि एक्झॉस्टला दणदणीत धार आली. म्हणजे दोष सी-कॉक ते पंप या टप्प्यातच होता. जुनी होज उभी चिरली. बाहेरचं रबर धड, तारही धड, पण आतला थर एका बाजूने सुटून लोंबत होता. मंद इंजिनाला पाणी त्याच्या कडेने निघून जायचं. पंपाने जोरात ओढलं की तो पापुद्रा झडपेसारखा आडवा यायचा. बाहेरचा आकार तार धरून ठेवते, त्यामुळे नुसतं दाबून हे कळत नाही.

मालकांनी मग ठरवलं की सगळ्याच होज बदलायच्या. पुढच्या खेपेला ते चार मापांची होज घेऊन आले, पण सगळी एकाच जातीची. गाडीच्या हीटरला लावतात ती, ईपीडीएम रबराची, कापडी विणीची. "माप मोजूनच आणलंय," ते म्हणाले. आतला व्यास खरंच बरोबर होता. पण मापाचा प्रश्न सोपा असतो. त्या नळीतून काय जातं, ते ढकललं जातं की ओढलं जातं आणि ती फुटली तर काय होईल, हे आधी विचारावं लागतं.

त्यांची होज कूलंटला उत्तम होती. गरम पाणी आणि ग्लायकॉल ईपीडीएमला मानवतं. तिथे ती लावली, फक्त जिथे अरुंद वळण होतं तिथे साच्यातून वळवून काढलेला तयार तुकडाच मागवला. सरळ होज तशी वाकवली की आतल्या बाजूला दुमडते. ओढण्याच्या बाजूला मात्र ही नको, कारण तार नसली की ती चपटी होऊ शकते. तिथे पुन्हा तारेचीच, पण समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेली जाड भिंतीची घेतली. ही होज जलरेषेच्या खाली असते. ती निसटली तर होडीत थेट समुद्र शिरतो, म्हणून बार्बला, म्हणजे होज चढवायच्या खाचेदार तोंडाला, जागा असेल तिथे प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प, ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे, सलग पट्टीचे. भोकं पाडलेल्या पट्टीचे रबरात रुततात.

डिझेलच्या नळीवरून थोडी हुज्जत झाली. "तीही रबरच की," असं त्यांचं म्हणणं. पण डिझेल आणि तेल लागलं की ईपीडीएम फुगतं, मऊ पडतं. इंधनासाठी अंगावर आयएसओ ७८४० किंवा ए१ असं छापलेली होजच हवी. आगीत अडीच मिनिटं तग धरण्याची चाचणी त्या मानकांत आहे. इंजिनखालच्या बंदिस्त जागेत तेवढी मिनिटं फार मोलाची. टाकीकडे परत जाणारी बारीक नळीही त्याच जातीची, तिला दुय्यम समजू नका.

खरा धक्का एक्झॉस्टच्या होजने दिला. तिची कुणी तक्रारच केली नव्हती. मिक्सिंग एल्बोजवळ, म्हणजे धुरात पाणी मिसळतं त्या वळणाजवळ, दाबली तर आतून कुरकुर ऐकू आली. धुरात पाणी मिसळतं म्हणूनच ही रबरी होज टिकते. पाणी कमी पडलं की तेवढाच भाग भाजून निघतो. सोललेल्या होजने पाणी अडवलं आणि त्याची किंमत इथे मोजली गेली. इथून धूर गळला तर केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, म्हणून हिला तडजोड नाही. ओल्या एक्झॉस्टसाठीच केलेली, एसएई जे२००६ छापलेली घेतली. तिची कापलेली टोकंही सीलंटने बंद केली, नाहीतर खारं पाणी तारेपर्यंत पोचतं.

मापातली एक गंमत सांगतो. पाऊण इंच म्हणजे १९ मिमी. त्या बार्बवर २० मिमीची होज सहज सरकते, म्हणून लोक खूश होतात आणि क्लॅम्प आवळत सुटतात. मग रबराला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतूनच गळतं. होज चढवताना थोडा त्रास व्हायलाच हवा. टोक गरम पाण्यात धरायचं, भांड्यांचा साबण लावायचा, ग्रीस कधीच नाही. जुनी ओढून काढायची नाही, बार्बला ओरखडा न पाडता ब्लेडने उभी कापायची.

होडी धक्क्याला बांधूनच, गिअर टाकून चाचणी घेतली. फेरे वाढतील तशी धार वाढत गेली, २००० च्या पुढेही काटा जागचा हलला नाही. इंजिन थंड झाल्यावर सगळे क्लॅम्प पुन्हा तपासले. कूलंटच्या बाजूचे दोन थोडे ढिले निघाले, नव्या रबराचं तसं होतंच. ते आवळले. उरलेली होज मालकांनी परत नेली.