विंचवाचं बिऱ्हाड: आरव्हीतली आमची दोन वर्षं

आईला फोनवर सांगितलं की अपार्टमेंट सोडून ट्रेलरमधे राहायला जातोय, तर ती जरा वेळ गप्पच आणि मग म्हणाली, "एवढं शिकून अमेरिकेत गेलात ते विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घ्यायला?" आता यावर काय बोलणार. डॅलसचं भाडं दरवर्षी वाढत होतं, दोघांचंही काम लॅपटॉपवर, म्हणून २०२२ मधे एक सेकंडहँड २७ फुटी ट्रेलर (म्हणजे चाकांवरचं घर, इथे अशा घरांना आरव्ही म्हणतात) आणि तो ओढायला पिकअप घेतला आणि निघालो. पत्ता टेक्सासचाच ठेवला, मेल फॉरवर्डिंगवाल्यांकडून महिन्यातून एकदा टपालाचा गठ्ठा येतो. कागदपत्रांचं मला उगाच टेन्शन होतं, ते सगळ्यात सोपं निघालं.

अवघड निघाला तो संडास.

ट्रेलरखाली तीन टाक्या असतात. चांगल्या पाण्याची, मोरी-आंघोळीच्या सांडपाण्याची (ग्रे) आणि संडासाची (ब्लॅक). पहिल्याच मुक्कामात फुल हुकअपची जागा मिळाली, म्हणजे वीज, पाणी, ड्रेनेज सगळं जागेवर. आम्ही शहाण्यांनी ड्रेनेजचा पाइप जोडला आणि ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवून दिला, म्हटलं आपोआप वाहून जाईल, कटकट नको. तीन आठवड्यांनी वास यायला लागला आणि मग टॉयलेटमधून खाली बघितलं तर... जेवत असाल तर हा पॅरा सोडा. पातळ सगळं वाहून गेलेलं आणि बाकीचं बरोबर खाली डोंगर करून बसलेलं. नवऱ्याने व्हॉल्व्ह बंद करून टाकी पाण्याने भरली, रात्रभर भिजत ठेवलं, सकाळी सोडलं, परत भरलं, परत भिजवलं, मग टॉयलेटमधून होजची कांडी घालून फवारा मारला, असे दोन दिवस गेले आणि त्या दोन दिवसात आमच्या लग्नाची खरी परीक्षा झाली. तेव्हापासून व्हॉल्व्ह बंद, फ्लशला भरपूर पाणी, टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम सोडायची, आणि आधी ब्लॅक मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. ग्लोव्हज वेगळे, होज वेगळा, पिण्याच्या पाण्याच्या होजला त्याची सावलीसुद्धा नको.

ग्रे टाकीचा धडा मात्र खास आपल्या लोकांसाठी आहे. इथल्या व्हिडिओत कोणी सांगत नाही की आमटीचं खरकटं, चहाचा चोथा आणि फोडणीचं तेल सिंकमधे गेलं की ब्लॅकपेक्षा ग्रेचा वास भयंकर येतो. आता ताट-पातेलं आधी टिश्यूने पुसून मगच सिंकमधे, आणि चोथा सरळ कचऱ्यात. फोडणी तर बाहेरच, छोट्या दोन बर्नरच्या शेगडीवर. आत पोळ्या भाजल्या तरी स्मोक अलार्म ओरडतो, मिरचीची फोडणी घातली तर शेजारचे म्हातारा-म्हातारी पण खोकत बाहेर येतात (आणि मग काय बनवलंय विचारतात, ओळखी अशाच झाल्या).

विजेचं म्हणाल तर ३० अँपियरचं कनेक्शन म्हणजे १२० व्होल्टवर फक्त ३६०० वॉट. एसी चालू, गीझर विजेवर आणि त्यात इलेक्ट्रिक कुकर लावला की ब्रेकर पडलाच, तोही बरोबर नवऱ्याच्या मीटिंगमधे. उपाय सोपा आहे, स्वयंपाक करताना गीझर गॅसवर टाका. पण हे समजेपर्यंत तीनदा अर्धी कच्ची डाळ खाल्ली.

टायरचं मात्र गंमतीत घेऊ नका. आमचे दिसायला नवेकोरे होते, ट्रेड म्हणजे वरची नक्षी छान, म्हणून घेताना बघितलंच नाही. पश्चिम टेक्सासमधे आय-१० हायवेवर, जिथे मैलोन् मैल काही नाही, तिथे एक फुटला आणि जाता जाता खालचा पत्रा फाडून गेला. मदत यायला साडेतीन तास. आलेल्या माणसाने टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे दाखवले, १४१६, म्हणजे टायर बनला २०१६ च्या चौदाव्या आठवड्यात. उभ्या उभ्या पण रबर म्हातारं होतं. चारही बदलले. आणि वजनही त्याच आठवड्यात ट्रकच्या काट्यावर करून घेतलं, कारण ४० गॅलनची पाण्याची टाकी भरून गाडी चालवायची म्हणजे सव्वातीनशे पौंडांच्या वर नुसतं पाणीच वाहून न्यायचं. आता मुक्कामाला पोचल्यावरच टाकी भरतो.

मागच्या हिवाळ्यात आई आली, ॲरिझोनात होतो तेव्हा. मला धाकधूक, कारण गीझर सहा गॅलनचा, साधारण २३ लिटर, माझं शॅम्पू लावून होईपर्यंत गार पाणी यायला लागतं. आईने पहिल्याच दिवशी छोटी बादली मागितली, शॉवरखाली ठेवून अर्धी भरली, तांब्याने आंघोळ केली आणि बाहेर येऊन विचारलं, "तुम्ही दोघं एवढं पाणी घालवता कुठे?" तीन आठवडे होती, गरम पाणी एकदाही संपलं नाही. जाताना बादली इथेच ठेवून गेलीय.