चार मीटरचा ग्लायडर आणि एक बिल्टी

रेडिओ कंट्रोल ग्लायडर घरी कसा जोडला, ते सांगायला बसलोय. पण आधी बिल्टीचं, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालपावतीचं, सांगू द्या, नाहीतर माझं डोकं शांत होणार नाही.

पंखांच्या बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) फासळ्या, सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर (रिमोटचे इशारे पकडणारा) हे सगळं साध्या कुरिअरने चार दिवसांत जळगावला आलं. अडलं ते धड. फायबरग्लासचं, अखंड, १ मीटर ७० सेंटिमीटर लांब. एवढं लांब खोकं कुरिअरवाला घेईना, म्हणून विक्रेत्याने बेंगळुरूहून ट्रान्सपोर्टने टाकलं आणि बिल्टीचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवला. आठव्या दिवशी ट्रॅकिंगवर ‘जळगाव पोहोचले’ असं दिसलं. अर्धी रजा टाकून गोदाम गाठलं.

खिडकीतल्या माणसाने फोनकडे पाहिलंही नाही. “ओरिजिनल आणा.”

म्हटलं, माल माझ्याच नावावर आहे, हे घ्या आधार कार्ड.

“आधारवर माल सुटत नाही भो. ओरिजिनल बिल्टी, नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पवर हमीपत्र.” मग मालाचं वर्णन वाचून त्याने मान वर केली. “ग्लायडर बॉडी? म्हणजे विमान? याला परमिशन लागंल.” कोणाची, ते त्यालाही सांगता येईना. मी २०२१च्या ड्रोन नियमांवर बोलायला लागलो: हौसेच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या प्रकारच्या यंत्राला सरकारी मान्यता, लागत नाही, आणि खोक्यात तर ना मोटर ना बॅटरी, नुसती पोकळ नळी. तोवर त्याने मागच्या माणसाची बिल्टी घेतली होती.

ओरिजिनल स्पीड पोस्टने यायला पाच दिवस गेले. परत अर्धी रजा. यावेळी त्याने नंबर रजिस्टरात उतरवला, हमालाला आत पाठवलं. हमाल वीस मिनिटांनी हात झटकत बाहेर आला. “असा लांब डाग (म्हणजे नग) आत नाहीच.”

“मग कॉम्प्युटरवर पोहोचलं कसं?”

“पोहोचलं म्हणजे पोहोचलं असंल.”

तिसऱ्या खेपेला उलगडा झाला. बिल्टीवर नुसतं ‘जळगाव’ लिहिलेलं होतं, आणि खोकं गेलं होतं जळगाव जामोदला, बुलढाणा जिल्ह्यात! मी इथे परवानगी आणि स्टॅम्पपेपरवर वाद घालत होतो, तेव्हा माल विदर्भात पडून होता. तो आणखी सहा दिवसांनी आला, आणि वर मलाच तीन दिवसांचं गोदामभाडं मागितलं. दिलं नाही. तेवढाच काय तो विजय.

तर बाहेरून मोठा माल मागवताना ४२५००१ हा जळगावचा पिन खोक्यावर तर लिहाच, पण बिल्टीवरही लिहायला लावा. जामोदचा पिन ४४३४०२ आहे. गाडी भरणारा खोक्यावरचा पत्ता वाचत नाही, बिल्टी वाचतो. आणि लिथियम बॅटरी याच पार्सलमध्ये घालू नका, ती विमानाने जाणाऱ्या मालात सहजासहजी चालत नाही आणि तिच्यापायी बाकीचंही अडकतं.

घरी खोकं उघडलं तर शेपटीकडच्या नळीला बोटभर लांब तडा. नखाने दाबलं की करकरायचा. आजूबाजूला सँडपेपर मारून ग्लासक्लॉथचे (काचेच्या धाग्यांच्या कापडाचे) दोन थर इपॉक्सीत (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या गोंदात) भिजवून गुंडाळले. तडा बुजला, पण वजन वाढलं १८ ग्रॅम, तेही नको तिथे. ग्लायडरचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक तृतीयांशावर यावा लागतो. पॅच त्या बिंदूच्या ९० सेंटिमीटर मागे, नाक ४५ सेंटिमीटर पुढे. म्हणजे मागच्या १८ ग्रॅमसाठी पुढे ३६. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगची चिकटपट्टीची वजनं मिळतात, पाच-पाच, दहा-दहा ग्रॅमची. तीच नाकात बसवली. बॅटरीचं झाकण उघडलं की ती दिसतात आणि ती खिडकी आठवते.

पंखांची जोडणी सुखाने झाली. मधला तुकडा १ मीटर ६० चा, बाजूचे दोन १ मीटर २० चे, सगळे हॉलमध्ये. महिनाभर घरचे भिंतीला चिकटून चालत होते. एवढं मात्र लक्षात ठेवा: पंखांचे तुकडे जोडणाऱ्या दांड्याच्या नळ्या चिकटवताना दांडा आत घालून, दोन्ही पंख जोडलेल्या स्थितीतच चिकटवा, आणि दांड्याला आधी ग्रीस फासा. मी पहिल्यांदा ग्रीस विसरलो, दांडा आतच बसला. एप्रिलात आपल्याकडे पाच मिनिटांचं इपॉक्सी दोन-अडीच मिनिटांतच धरतं, म्हणून हे काम पहाटे करा. दुपारी कालवलंत तर वाटीतच दगड होतो.

जळगावच्या विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, म्हणून एरंडोलच्या पुढे मामांच्या शेतात गेलो. कपाशी उपटून नांगरलेली काळी जमीन, अकराचं ऊन. शेजारच्या बांधावरून एक बाबा आले, पंखावरून हळूच हात फिरवत म्हणाले, “हाई काय शे भो?” सांगेपर्यंत भाच्याने ग्लायडर हातातून सोडला. मोटरवर शंभरेक मीटर वर नेला, मोटर बंद केली, मोटरचा पंखा मिटला, आवाज थांबला. पूर्वेला दोन घारी पंख न हलवता गोल फिरत होत्या. तिकडे वळवला. डावा पंख जरासा उचलला गेला, आणि ग्लायडर खाली यायच्या ऐवजी वर चढायला लागला. तापलेल्या काळ्या मातीवरची गरम हवा. परवानगीशिवाय उडवायची १२० मीटरची मर्यादा पाळायला मलाच ब्रेक लावून तो खाली खेचावा लागला. बाबांनी टोपी मागे सरकवून मान वर केली होती, ग्लायडर उतरेपर्यंत ती तशीच.

हो, एक राहिलंच. गोदामात सही करण्याआधी खोकं तिथेच उघडा. मी ‘माल सुस्थितीत मिळाला’ या ओळीखाली सही करून मोकळा झालो होतो, म्हणून त्या तड्याचा एक रुपया मिळाला नाही.