हायडेलबर्गमधला श्रावण

2024 च्या ऑगस्टमधे मी चार आठवडे जर्मनीत हायडेलबर्गला होते, तिथल्या विद्यापीठाच्या उन्हाळी भाषा कोर्सला. तिकडे ऑगस्ट म्हणजे भर उन्हाळा आणि आपल्याकडे श्रावण, त्यामुळे घरून रोज विचारायचे पाऊस आहे का गं, आणि मी सांगायचे अहो इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, खोलीत पंखा नाही, खिडकी उघडी टाकून झोपते. साडेतीन तासांचा फरक, म्हणजे माझं जेवण होईपर्यंत घरी सगळे झोपलेले असायचे.

व्हिसाची धावपळ, कागदपत्रं, बँकेचं पत्र ह्यात जून-जुलै गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून रेल्वेने तासाभरात हायडेलबर्ग. पोचले शनिवारी रात्री उशिरा आणि दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी जर्मनीत सुपरमार्केट, किराणा सगळं बंद असतं हे पुस्तकात वाचलं होतं, पण अख्ख्या रस्त्यावर एक दुकान उघडं नाही हे बघितल्यावरच ते कळतं. आईने दिलेले मेथीचे ठेपले आणि दाण्याची चटणी, त्यावर रविवार निघाला. सोमवार 5 ऑगस्टला परीक्षा होती, कोण कुठल्या वर्गात बसणार हे ठरवायची, आणि तोच पहिला श्रावणी सोमवार. उपास होता माझा. केळी खाऊन पेपर लिहिला.

गावाबद्दल थोडं सांगते. नेकर नदी मधून वाहते, एका बाजूला जुनं गाव आणि त्याच्या डोक्यावर लाल दगडाचा किल्ला, दुसऱ्या बाजूला डोंगराच्या अंगाने जाणारी ‘फिलॉसॉफेनवेग’ नावाची वाट. किल्ला 1689 आणि 1693 मधे फ्रेंच सैन्याने फोडला, पुढे 1764 मधे वीज पडून उरलेलं जळालं, आणि मग बराचसा तसाच पडका ठेवलाय. आपले किल्ले बघत वाढलेल्या माणसाला त्या पडक्या भिंती परक्या वाटतच नाहीत. तळघरात 1751 सालचं दारूचं पिंप आहे, दोन लाख लिटरच्या वर मावेल एवढं, त्याच्यासमोर फोटो काढायला ही रांग. मी संध्याकाळी किल्ल्यावर न जाता जुन्या पुलावर थांबायचे, कारण तिथून दगड आधी गुलाबी मग एकदम विटकरी होताना दिसतो. नदीकाठच्या एका रस्त्याला कवी इक्बालांचं नाव आहे. तेसुद्धा 1907 च्या उन्हाळ्यात इथे जर्मन शिकायलाच आले होते, आणि ह्या नेकरकाठच्या संध्याकाळवर त्यांची उर्दू कविता आहे. ते कळल्यावर त्या रस्त्याने जरा हळू चालायला लागले मी.

विद्यापीठ 1386 चं, जर्मनीतलं सगळ्यात जुनं. म्हणजे ज्ञानेश्वरी 1290 ची धरली तर तिच्यानंतर शंभर वर्षांच्या आतलं! हा हिशोब मी बाबांना फोनवर सांगितला तर ते म्हणाले, ‘आणि अजून तिथे वर्ग भरतात?’ भरतात की.

आता मुख्य गोष्ट. मी पुण्यात तीन वर्षं जर्मन शिकले ती इंग्रजीच्या खांद्यावर बसून. म्हणजे जर्मन शब्द आला की डोक्यात आधी इंग्रजी शब्द, मग अर्थ. क्लासही तसाच चालायचा, पुस्तकंही तशीच. हायडेलबर्गला आमच्या वर्गात जपान, इटली, ब्राझील, जॉर्जिया, अमेरिका अशी सगळीकडची पोरं होती, सगळ्यांना येणारी भाषा एकच, ती म्हणजे मोडकीतोडकी जर्मन, आणि बाई वर्गात इंग्रजीचा एक शब्द बोलायच्या नाहीत. तिथे माझी इंग्रजीची शिडी काढून घेतली गेली आणि खाली बघते तर मराठी होती.

पहिल्यांदा हे झालं ते आकड्यांवरून. बाई भराभर फोन नंबर सांगत होत्या, दोन दोन आकड्यांच्या जोड्या करून, आणि आम्ही लिहायचे. जर्मनमधे 21 ला म्हणतात ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’, एक आणि वीस. माझ्या शेजारचा इटालियन मुलगा सारखा उलटं लिहायचा, 35 ऐकून 53, आणि चिडायचा. मला काही अडचणच नाही. का नाही असा विचार केला तेव्हा लक्षात आलं की अगं एकवीस म्हणजे तरी काय, एक आणि वीस. पंचेचाळीस म्हणजे पाच आणि चाळीस. आपण पहिलीपासून आधी एकक बोलतो आणि मग दशक, लिहिताना मात्र उलट, ह्याची सवय आपल्या कानांना इतकी आहे की ते कळतही नाही. मी हे वर्गात सांगितलं, फळ्यावर देवनागरीत आकडे लिहिले, बाई खूष. मग त्यांनी सांगितलं की जर्मनीत 2004 पासून एक संस्थाच आहे, बोखुमला सुरू झालेली, तिचं नावच ‘त्स्वान्त्सिशआइन्स’, म्हणजे वीस-एक. मुलांना आकडे सोपे जावेत म्हणून ‘एक आणि वीस’ च्या जोडीला ‘वीस एक’ म्हणायला मान्यता द्या अशी त्यांची मागणी. मी तर उडालेच. 2019 मधे आपल्या बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात हेच आलं होतं ना, ‘वीस एक, वीस दोन’, आणि केवढा गदारोळ झाला होता! माझी मावशी प्राथमिक शिक्षिका आहे, आमच्या घरात तेव्हा जेवताना वाद व्हायचे. इतक्या लांब येऊन तीच चर्चा तीच बाजू तोच विरोध. एकोणतीसचं मात्र मला तिथे नीट समजावता येईना, तिसाला एक कमी असं आपण का म्हणतो, जर्मनमधे तसं नाही, तिथे सरळ नऊ आणि वीस.

मग वेळ. ‘हाल्ब ड्राय’ म्हणजे शब्दशः अर्धे तीन, पण अर्थ अडीच. अमेरिकन मुलीला कोणीतरी हाल्ब ड्रायला पुलावर बोलावलं, ती साडेतीनला पोचली, बिचारी तासभर शोधत बसली. मला अडीच शब्द आठवला. आपला अडीच संस्कृत अर्धतृतीयवरून आलाय, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धाच आहे तो. तेच की हे! दीडला जर्मनमधे ‘आंडर्टहाल्ब’ असा एक स्वतंत्र शब्द आहे, त्याचीही फोड तीच, दुसरा अर्धा. आणि हायडेलबर्गच्या बाजूला जुनी माणसं पावणेतीनला ‘ड्रायफिअर्टेल ड्राय’ म्हणतात, तिसऱ्या तासाचे तीन पाव झाले. पाव, अर्धा, पाऊण ह्यांच्याशिवाय ज्यांचं पान हलत नाही असं आपल्यासारखं दुसरं कोणी भेटल्याचा आनंद होता तो, खरंच सांगते.

विभक्तीचं तर विचारूच नका. शाळेत प्रथमा ते संबोधन पाठ केलं, परीक्षेत मार्क मिळवले, आणि त्यानंतर ते कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. जर्मनमधे ‘मला हे आवडतं’ म्हणताना मी कर्ता नसतेच, ‘दास गेफेल्ट मिअर’, ते आवडतं आणि मला, चतुर्थी. थंडी वाजते तीही मलाच, मी थंड नसते. तीन वर्षं मी हे नियम म्हणून पाठ करत होते आणि माझ्या आईच्या बोलण्यात तो नियम रोज होता. लिंगाचंही तसंच. तो ती ते तीनही आपल्याकडे आहेत. मुलगी नपुंसकलिंगी कशी म्हणून अख्खा वर्ग हसायचा, ‘दास मेडशेन’, पण माझं आजोळ कुडाळचं, तिथे आजी मला ‘ता चेडू’ म्हणूनच हाक मारायची, चेडू म्हणजे मुलगी आणि ‘ता’ म्हणजे ‘ते’. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मला आजीच दिसली.

वर्ग जिथे भरायचे त्या नव्या इमारतीच्या दारावर तीन शब्दांचं वाक्य कोरलंय: ‘डेम लेबेंडिगेन गाइस्ट’. जिवंत चैतन्याला, अर्पण असं त्यात धरायचं. इमारत 1931 ची, अमेरिकन देणग्यांमधून उभी राहिलेली, आणि हे शब्द सुचवले होते फ्रीडरिश गुंडोल्फ ह्या ज्यू घरातल्या प्राध्यापकाने. नाझी आले आणि त्यांनी एकच विशेषण बदललं. जिवंतच्या जागी जर्मन. ‘डेम डॉइचेन गाइस्ट’. व्याकरण तेच, विभक्ती तीच, प्रत्ययसुद्धा तोच, आणि सगळं विद्यापीठ बदललं, किती शिक्षकांना काढलं गेलं. युद्धानंतर जुना शब्द परत आला. मी रोज सकाळी त्या दाराखालून जायचे आणि रोज वर बघायचे. विशेषणाचे प्रत्यय पाठ करताना कंटाळा येतो ना, त्या दारानंतर मला कधी आला नाही.

नारळी पौर्णिमा 19 तारखेला. हॉस्टेलच्या किचनमधे मी श्रीखंड केलं. तिकडे ‘क्वार्क’ नावाचं मिळतं, दह्यापेक्षा घट्ट, आपल्या चक्क्याच्या फार जवळ, अर्धा किलोचा डबा स्वस्तात येतो. फडक्यात बांधून दोन तास ठेवलं, साखर, घरून आणलेली वेलची आणि केशर. नारळीभात जमणार नव्हता, नारळ फोडायचा कशावर. जॉर्जियाची मुलगी शेजारच्या खोलीत राहायची, तिने तीनदा घेतलं आणि तिच्याकडे बांधायला दोरा दिला मी, भाऊ लांब आहे म्हणून रडत होती ती त्या दिवशी, राखी काय हे माहीत नसताना.

शेवटच्या आठवड्यात फिलॉसॉफेनवेगवर एक आजी भेटल्या, ऐंशीच्या पुढच्या असतील, एकाच बाकावर बसलो होतो. खाली नेकर, समोर किल्ला. मी ‘झी’ म्हणजे तुम्ही म्हणून बोलत होते. अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, मला ‘डू’ म्हण. जर्मनमधे अरेतुरे करण्याला ‘डुत्सेन’ आणि अहोजाहो करण्याला ‘झीत्सेन’ अशी चक्क क्रियापदं आहेत, आणि अरेतुरेची परवानगी वयाने मोठ्या माणसाने द्यायची असते. मी सांगितलं आमच्याकडेही दोन्ही आहेत आणि त्यांना नावंही आहेत. मग त्यांनी विचारलं, आईवडिलांना काय म्हणतेस? म्हटलं आईला अगं, बाबांना अहो. त्या म्हणाल्या असं का? एकाच घरात?

मला उत्तर देता आलं नाही. जर्मन कमी पडली म्हणून नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या की त्यांच्या आजोबांच्या घरी दोघांनाही ‘झी’ म्हणायचे. खाली उतरताना पूर्ण वाट मी तोच विचार करत होते. आईला अगं म्हणताना जवळीक आहे हे खरं, पण बाबांशी ती नाही असं तर नाही ना.

जायच्या दोन दिवस आधी बेर्गहाइम भागातल्या आशिया अभ्यासकेंद्राच्या लायब्ररीत गेले. हायडेलबर्गला 1962 पासून दक्षिण आशिया संस्था आहे आणि तिथे ग्युंटर झोंटहाइमर शिकवायचे, हे मला पुण्यातल्या एका सरांनी निघताना सांगितलं होतं. झोंटहाइमर म्हणजे आपले सोनथायमर, धनगरांच्या वाड्यांवर जाऊन, त्यांच्या बरोबर हिंडून ओव्या जमवणारे. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबावरचं त्यांचं जर्मन पुस्तक 1976 चं. ते गेले 1992 मधे. आमचं कुलदैवत खंडोबा. ते पुस्तक हातात घेतलं आणि जर्मन वाक्यांच्या मधे रोमन लिपीत खंडोबा, बाणाई, जेजुरी असे शब्द दिसायला लागले. तिथे बसून मी तीन तास वाचलं. अवघड जर्मन आहे, पण ज्या गोष्टी लहानपणी जागरणात पेंगत ऐकल्या होत्या त्या समोर असल्यामुळे वाक्यं उलगडत गेली.

काही पानांचे फोटो काढून बाहेर आले आणि बाबांना फोन लावला. घरी रात्रीचे साडेनऊ वाजले होते. 2 सप्टेंबरला सोमवती होती, ते जेजुरीला जायच्या तयारीत होते.

‘बाबा, इथे एका जर्मन माणसाचं खंडोबावर पुस्तक आहे.’

‘जेजुरी आहे का त्यात?’

‘आहे. बाणाईपण आहे.’

‘वाच की मग.’

‘जर्मनमधे आहे, तुम्हाला कसं कळेल?’

‘तू सांग ना मराठीत.’

मग लायब्ररीबाहेरच्या पायरीवर बसून मी एकेक वाक्य वाचत गेले आणि तिथल्या तिथे मराठी करत गेले. लांब लांब वाक्यं होती, गौणवाक्याचं क्रियापद अगदी शेवटी, आणि मराठीतही ते शेवटीच, त्यामुळे मला मधेच थांबून उलटापालट करावी लागत नव्हती. आम्ही दोघंही क्रियापद येईपर्यंत थांबायचो, मी इकडे, ते तिकडे. पुढे काय, पुढे काय म्हणत बाबांनी अकरा वाजवले.