गाडीची जन्मतारीख

बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाऊसमध्ये फायली घेऊन जिने चढायला लागून मला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. माझ्याकडे क्लिअरिंगचं जी-कार्ड आहे, म्हणजे दुसऱ्यांचा माल कस्टम्समधून सोडवायचा परवाना. यंत्रांचे सुटे भाग, रसायनं, कापडाचे तागे असा माल रोजचाच. परदेशातून कुणी स्वतःची वापरलेली मोटार घेऊन येतंय, असं काम मात्र वर्षा-दोन वर्षांतून एखादं. त्यातली निम्मी कामं फोनवरच संपतात. दुबईहून फोन येतो, "माझी लँड क्रूझर आणायचीय." मी विचारतो, स्टिअरिंग कुठल्या बाजूला? पलीकडे शांतता. डाव्या स्टिअरिंगची वापरलेली गाडी आपल्याकडे आणता येत नाही, हे सांगितलं की माणूस आधी माझ्यावर चिडतो, मग सरकारवर.

हे काका बर्मिंगहॅमचे. मूळचे देवरुखकडचे. एकतीस वर्षं तिथल्या बसच्या वर्कशॉपमध्ये काढून आता काकूंना घेऊन कायमचे गावी परतत होते. गाडी म्हणजे एका जपानी कंपनीची, पण इंग्लंडातच जुळवलेली पेट्रोल हॅचबॅक. तिच्याच नात्यातली नवी गाडी तेव्हा रत्नागिरीच्या शोरूममध्ये सात-आठ लाखांत मिळत होती. ते मी त्यांना पहिल्याच फोनवर सांगितलं.

"ती नवी तुमच्याकडेच राहू द्या," काका म्हणाले. "हिचा एकेक नट मी हातानं आवळलाय."

मग मी हिशोब सांगितला. 2017 सालचे दर होते, पुढे ते बदलले. लोकांना वाटतं, जुनी गाडी म्हणजे विकत घेतल्याच्या पावतीवर ड्युटी, किंवा आता विकली तर येईल त्या किमतीवर. तसं नसतं. कारखान्याची ती गाडी नवी असतानाची यादीतली किंमत धरायची आणि तिमाहीप्रमाणे घसारा वजा करायचा. पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3, तिसऱ्या वर्षी अडीच. काकांच्या गाडीची मूळ किंमत आपल्या पैशांत साधारण 12 लाख. अकरा तिमाहींचा घसारा साडेपस्तीस टक्के. उरले पावणेआठ. त्यात जहाजाचं भाडं आणि विमा मिळवून पावणेनऊ लाख. त्यावर 125 टक्के मूळ ड्युटी, म्हणजे जवळपास 11 लाख. आता गाडीची किंमत अधिक ही ड्युटी, या बेरजेवर 28 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, साडेपाच लाख. वर सेस. एकूण आकडा 20 लाखांच्या आसपास जातो. शिवाय "बॅगेजमधून सोडवता येईल का?" हा प्रश्न हमखास येतो, म्हणून तेही आधीच सांगितलं की कस्टम्स कायद्यात बॅगेजची व्याख्याच मोटार वगळून केलेली आहे. घरातला फ्रिज, टीव्ही वेगळा आणि गाडी वेगळी. तिला रीतसर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्रच, भरावं लागतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे कुठल्या खात्यात भरायचे?"

अशा माणसाचं काम करायला मजा येते. मी सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी जशीच्या तशी केली. वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातच उतरवता येते, समोरच्या न्हावा शेव्याला चालत नाही. ही अट शिपिंगवाल्यांच्याही लक्षात नसते, म्हणून बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजवाल्यांच्या मालपावतीवर, मुंबईच लिहून घ्या, म्हटलं होतं. घेतलं. गाडीत घरसामान कोंबू नका, म्हटलं होतं. डिकीत एक छत्री आणि दुमडलेली ताडपत्री, बस्स. तिथल्या नोंदणी खात्याला गाडी कायमची देशाबाहेर चालल्याचं कळवून झालं होतं. स्पीडोमीटर इंग्लंडातला म्हणून मैलांत, पण आतल्या बारक्या वर्तुळात किलोमीटर होते, तोही प्रश्न मिटला. सर्व्हिसची बिलं तर पहिल्या दिवसापासूनची, क्रमानं फाइल केलेली.

आणि मुख्य अट म्हणजे वय. गाडी तयार झाल्यापासून तीन वर्षांच्या वरची नको. तिथलं नोंदणीपत्र, ज्याला ते व्ही-फाइव्ह-सी म्हणतात, त्यावर तारीख होती मार्च 2015. जहाज मुंबईला लागलं 4 डिसेंबर 2017 ला. पावणेतीन वर्षं. मी फाइल बंद केली.

बावीस वर्षांचा अनुभव असा कधीकधी आडवा येतो.

तपासणी 11 डिसेंबरला होती. वापरलेला माल म्हणून फर्स्ट चेक मागितला होता, म्हणजे आधी माल डोळ्यांनी बघायचा, किंमत आणि ड्युटी नंतर. सकाळी साडेदहाला डॉकमध्ये कंटेनरचं सील कापलं. चाकांखाली लाकडी ठोकळे, चारही बाजूंनी पट्टे ताणलेले आणि मधोमध ती लाल गाडी. दीड महिना बंद राहिलेल्या पत्र्याच्या खोलीचा तो ओलसर, रबरी वास. बॅटरी सुटी करून पाठवली होती म्हणून टोळीनं ढकलतच बाहेर काढली. मागची नंबरप्लेट बघून एकानं विचारलं, "साहेब, टॅक्सी आहे काय?" तिकडे मागची प्लेट पिवळी असते. पुढची पांढरी.

काकांकडे डॉकचा पास नव्हता. ते यलो गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसून होते.

अप्रेझर मॅडम, म्हणजे माल तपासून किंमत ठरवणाऱ्या कस्टम्स अधिकारी, तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. घाईत नसलेल्या अधिकाऱ्याची मला थोडी भीतीच वाटते. त्यांनी बॉनेट उघडून इंजिन नंबर पाहिला, पुढच्या सीटजवळचा गालिचा उचलून टॉर्चनं चेसिस नंबर कागदाशी पडताळला. सगळं जुळलं. मी मनातल्या मनात दुपारच्या जेवणाकडे वळलो होतो. एवढ्यात मॅडमनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि सीटबेल्ट ओढायला सुरुवात केली. ओढत राहिल्या, पट्टा संपेपर्यंत. मग खाली वाकून, जिथे तो जमिनीपाशी बोल्टनं अडकवलेला असतो तिथे शिवलेली पांढरी चिठ्ठी उलटी केली.

"हे वाचा," म्हणाल्या.

मी चष्मा वर केला. नोव्हेंबर 2014.

त्यांनी काचांच्या कोपऱ्यातले शिक्केही दाखवले. काचेवर कंपनीच्या खुणेखाली एक आकडा आणि काही ठिपके असतात. तो आकडा सालाचा शेवटचा अंक. चारही दारांच्या काचांवर 4.

"नोंदणी मार्चची असेल," मॅडम म्हणाल्या. "गाडी कधी बनली? आयातीच्या पॉलिसीत नोंदणीची तारीख नाहीये, उत्पादनाची आहे."

माझ्या पोटात खड्डा पडला. नोव्हेंबर 2014 धरला तर गाडी तीन वर्षांच्या वर गेलेली. मग ती गाडी नसून नियमाविरुद्ध आणलेला माल. जप्ती, सोडवायची तर दंड भरून, वर आणखी शास्ती. नाहीतर आल्या वाटेनं परत पाठवा. आणि नोंदणीपत्र मी अनेकदा वाचलं होतं! त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, पहिल्या नोंदणीची तारीख. बनल्याची तारीख त्यावर नसतेच. जहाजात चढवण्याआधीच्या तपासणीचा दाखला होता, पण त्यातही तारीख या कागदावरूनच उतरवलेली. काकांनी माझं सगळं ऐकलं होतं. ही एक गोष्ट मी त्यांना विचारलीच नव्हती.

बाजूला जाऊन फोन लावला. सांगताना जीभ जड झाली. काका बराच वेळ बोलले नाहीत. मागून टपरीवरच्या भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाले, "गाडी जानेवारीतच शोरूमला आली होती. सेल्समन म्हणत होता, आत्ता घ्या, किंमत कमी करतो. मीच म्हटलं, मार्चपर्यंत थांबू."

"का?"

"नंबरासाठी."

तिथे नंबरातच गाडीचं वय लिहिलेलं असतं. मार्चपासून नोंदवलेल्या गाड्यांना त्या सालचा आकडा, म्हणजे 2015 ला 15. त्याआधीच्या, सप्टेंबर 2014 ते फेब्रुवारी 2015 मधल्या गाड्यांना 64. शेजारीपाजारी नंबर वाचून गाडी किती जुनी ते ओळखतात. म्हणून लोक जानेवारी-फेब्रुवारीत पैसे हातात धरून बसतात आणि गाड्या दुकानदाराच्या अंगणात उभ्या राहतात. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा कोरी गाडी घेतली होती. तिच्यावर 15 हवा होता.

मला काय बोलावं सुचेना. तेवढ्यात काकांनी, आवाज न चढवता, वर्कशॉपमधल्या पोराला सांगावं तसं मला सांगितलं, "बेल्ट आधी बनतो. काच आधी बनते. ते बाहेरून येतं, मग गाडी जुळते. स्टेपनी काढा. ती कधी चाकाला लागलीच नाही. तिच्यावरचा शेवटचा चार आकडी नंबर वाचा."

डिकीतली ताडपत्री, छत्री बाहेर काढली, खालची फळी उचलली. बारकी स्टेपनी, रबराच्या बारीक लवा अजून तशाच. टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे होते, अंगठ्यानं धूळ पुसल्यावर दिसले. 5014.

पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2014 चा पन्नासावा आठवडा. म्हणजे हा टायरच मुळी 8 डिसेंबर 2014 च्या आधीचा नाही, मग तो ज्या गाडीत ठेवला ती त्याआधी कारखान्यातून कशी निघेल? आणि जहाज लागलं होतं 4 डिसेंबरला. चार दिवस!

मी मॅडमना घेऊन आलो. त्या वाकल्या, वाचलं, मोबाईलवर फोटो काढला. किंचित हसल्या.

"स्टेपनी बदलता येते हो."

"मॅडम, बदलायची तर माणूस चांगली नवी ठेवेल. 2014 ची कशाला ठेवेल?"

"मला पटतंय," त्या म्हणाल्या. "पण माझं पटणं फाइलला लावता येत नाही. कारखान्याचं पत्र आणा, या चेसिस नंबरची गाडी कुठल्या दिवशी तयार झाली याचं." तपासणीच्या अहवालात मात्र त्यांनी दोन्ही नोंदी केल्या. बेल्टवरची तारीख आणि स्टेपनीवरचा आकडा. न लिहिल्या असत्या तरी त्यांना कुणी विचारणार नव्हतं.

गेटबाहेर आलो तर काका उभेच. चहा विचारला. मी म्हटलं, काका, चूक माझी आहे. ते म्हणाले, "साखर किती?"

पत्राची कथा लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. कंपनीला त्याच दिवशी मेल टाकला. उत्तर आलं की नंबर पाठवा. पाठवला. मग नाताळ. तिकडे 24 तारखेपासून सगळा देश कुलूप लावून घरी बसतो आणि इकडे बंदराचं भाडं रोज चढत राहतं. मीटरला सुट्टी नसते. म्हणून कस्टम्स कायद्याच्या कलम 49 खाली अर्ज करून गाडी तात्पुरती गोदामात हलवली, तेवढा चढता खर्च थांबला. तोवर साचलेल्या भाड्यातला वाटा माझ्या फर्मनं उचलावा म्हणून मी साहेबांशी भांडलो आणि अर्धा मिळवला. उरलेला मी काकांना न सांगता भरला, पण त्यांनी पावत्या मागून तो शोधून काढला. फाइल ठेवणाऱ्या माणसापुढे अशा गोष्टी लपत नाहीत.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सही-शिक्क्याचं पत्र कुरिअरनं आलं. गाडी तयार झाल्याची तारीख 8 जानेवारी 2015. मॅडमनी पत्र वाचून फाइलला लावलं आणि एका शब्दानंही "मी म्हटलं होतं ना" केलं नाही. पुढे ट्रेलरवरून पुण्याला एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत चाचणी, त्यांचा दाखला, मग ड्युटी. काकांनी ती एका हप्त्यात भरली. आउट ऑफ चार्ज झालं, म्हणजे गाडी कस्टम्समधून सुटली, त्या दिवशी काकूंनी मला घरचे बेसनाचे लाडू दिले आणि हळूच विचारलं, "यांनी किती भरले हो नक्की?" मी म्हटलं, काकू, ते यांनाच विचारा.

तेव्हापासून अशा कुणाचा फोन आला की मी कागद नंतर मागतो. आधी म्हणतो, सीटबेल्ट पूर्ण ओढा, खालच्या चिठ्ठीचा फोटो काढा. मग डिकी उघडा.

रत्नागिरीच्या आरटीओला मी स्वतः गेलो होतो, जायची गरज नसताना. तिथेही वन टाइम टॅक्स ड्युटीसकट किमतीवर आणि परदेशी गाडीचा म्हणून चढ्या दरानं. नोंदणीचा फॉर्म 20, कस्टम्सचे कागद, विमा. इन्स्पेक्टरनं चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, एकेक अक्षर काळ्यातून पांढरं वर आलं. "उत्पादन कधीचं?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "आठ जानेवारी." त्याला फक्त महिना आणि साल हवं होतं.

एमएच-08 ची पाटी लागायची होती म्हणून काकांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मागची पिवळी प्लेट स्वतःच सोडवली. रुमालानं पुसली, डिकी उघडली, फळी उचलून स्टेपनीवर आडवी ठेवली. स्टेपनी तीच होती. हवा तेवढी भरून घेतलेली.