तुम्ही विचारलंत म्हणून: बर्लिन की माद्रिद?

युरोपची तिकिटं काढायच्या आधी ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, रात्री भटकायला बर्लिन बरं की माद्रिद? मी उलट विचारते, तुम्हाला झोप किती वाजता येते?

चेष्टा नाही. माद्रिदला पहिल्याच रात्री मी बाराच्या ठोक्याला एका क्लबात हजर. आत चिटपाखरू नाही. काउंटरमागच्या पोराने हातातला ग्लास पुसता पुसता घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसू दाबलं. तिथे लोक जेवायलाच दहाला बसतात, मग या बारमधून त्या बारमध्ये, गप्पा रस्त्यावरच जास्त, आणि नाचायला दोनच्या सुमारास. १९४० साली स्पेनने घड्याळं एक तास पुढे केली ती तशीच राहिली. जूनमध्ये सूर्यच पावणेदहाला मावळतो, मग जेवण लवकर कसं व्हायचं? त्यात मेट्रो दीडला बंद होते ती थेट सहाला उघडते, म्हणजे रंग भरायच्या आतच परतीची वाट बंद. सिबेलेस चौकातून रात्रीच्या बस सुटतात, त्यांना तिथे ‘बुओ’ म्हणजे घुबड म्हणतात. पण बरेच जण सरळ सहापर्यंत नाचतात आणि सान हिनेसमध्ये घट्ट चॉकलेटात चुरो, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या, बुडवून खातात. ते दुकान १८९४ पासूनचं आहे.

बर्लिनची गोष्ट वेगळी. पश्चिम बर्लिनमध्ये बार बंद करायच्या वेळेचं बंधन १९४९ मध्येच उठलं. काही क्लब शनिवारी रात्री उघडतात ते सोमवारी सकाळपर्यंत चालतात. पण आत जाता आलं पाहिजे! एका ठिकाणी दीड तास रांगेत उभी राहिले, दारावरच्या माणसाने नुसती नकारार्थी मान हलवली. कारण विचारायचं नसतं. दुसरीकडे घेतलं, तेव्हा आधी माझ्या मोबाइलच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर स्टिकर चिकटवले. आत एकही हात फोन धरून वर नाही. मला हे फार आवडलं. शुक्रवारी-शनिवारी मेट्रो रात्रभर धावते, त्यामुळे तीनला कंटाळा आला तर तीनला निघता येतं.

टेक्नोचं, म्हणजे त्या ठोक्याच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचं, वेड असेल तर बर्लिनच, तेही एकट्याने किंवा दोघांनी. आठ जणांचा गलबला घेऊन त्या दारांवर जाऊ नका. मला विचाराल तर मी पुन्हा माद्रिदलाच जाईन. फक्त या वेळी दुपारी ताणून देईन.